विणकराला फासा का नाही?

आपाचा मुलगा पुण्यात शिकतो. शनिवारी रात्री मित्रांबरोबर डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, निकाल फाशावर. यानं विणकर मागितला. मित्र हसले. "अरे, तो एनपीसी असतो!" म्हणजे वाटेत भेटणारा कुणीतरी, ज्याच्या वतीनं गोष्ट सांगणाराच बोलतो. "मामू, मी मग योद्धाच घेतला," असं त्यानं फोनवर सांगितलं.

राग आला म्हणून नियम वाचले. 1974 साली हा खेळ युद्धाच्या खेळांतून निघाला, तेव्हा लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू एवढेच वर्ग होते. तेही एक वेळ समजू शकतो. पण 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीनं कारागिरांसाठी 'एक्स्पर्ट' हा वर्ग केला आणि ठेवला कुठे? एनपीसींच्याच यादीत! 2014 च्या पुस्तकात बारा वर्ग, त्यात कारागीर नाही. विणकराची अवजारं मात्र विकत मिळतात. दिवसाला पाच सुवर्णनाण्यांचा माल बनतो, असा त्या पुस्तकातला नियम. पोलादी चिलखत दीड हजारांचं, म्हणजे एकट्याला तीनशे दिवस. सहा सेकंदांच्या लढाईच्या फेरीत ज्याचा त्याचा फासा, आणि या तीनशे दिवसांत एकही नाही! जिथं चुकताच येत नाही, तिथं हुन्नर कसला?

भाचा म्हणतो, 2019 मध्ये आर्टिफिसर आला की. आला, पण त्यातल्या एकाच्या हाती लगेच तोफ दिली.

लढाईत विणकर नुसता बसून कंटाळेल, हे खरं आहे. पण तो दोष विणकराचा की नियमांचा? माझे अब्बा मालेगावात मागावर होते. ताण्यातली तार तुटली की थांबायचं, गाठ मारायची. नजर चुकली आणि कापडात दोष राहिला, तर मजुरी कापली जायची. जोखीम यापेक्षा वेगळी काय असते?

जपानी र्‍यूतामामध्ये (2007) सात वर्ग आहेत, त्यांत शेतकरी, व्यापारी आणि कारागीरही. लढाई तिथंही होते, पण रस्ता आणि हवामान यांच्यापुढेही फासा टाकावा लागतो. म्हणजे जमतं.

माझ्या वर्गात "अब्बा काय करतात?" विचारलं की मागावरच्या कामगारांची मुलं "बिझनेस" सांगतात. म्हणून मला हा नुसता खेळ वाटत नाही.

भाच्याला सांगितलंय, येत्या शनिवारी विणकरच माग. आणि गोष्ट सांगणाऱ्याला म्हण, तार तुटली की नाही ते फाशावर ठरव.