वही कोरी, मूल भरलेले

मॉन्टेसरी शाळेत मूल घातलेल्या कित्येक आईबापांची तक्रार असते की, तेथे वही भरत नाही. मूल नुसते मणी ओवते. ज्यांच्या पूर्वजांस उसाच्या मळ्यात अक्षरही दुर्लभ होते, त्यांस ही घाई व्हावी हे स्वाभाविकच आहे. परंतु मणी ओवणारी बोटेच पुढे लेखणी धरतात. डॉ. मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालमंदिर उघडले ते मजुरांच्याच मुलांसाठी. ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीस शिंपले, बिया, पाने हीच साधने केली. तेव्हा महाग साहित्याची खंत नको. मॉरिशसमधील मराठी मातेने डाळ निवडताना मुलास जवळ बसवावे व प्रत्येक वस्तूचे नाव मराठीतून सांगावे. वही उद्याही भरेल. घरातून गेलेली भाषा मात्र सहजी परतत नाही.