आजाऱ्याची फाईल आणि राज्याची हद्द

आपल्या खटाव तालुक्याला आणि शेजारच्या खानापूर-आटपाडीला पावसाने जे दिले नाही ते गलाईने दिले. सोन्याचांदीची आटणी करणारी आपली माणसे तामिळनाडूत, केरळात, उत्तर प्रदेशात जाऊन स्थिरावली. यात्रेला, लग्नसराईला ती गावी येतात तेव्हा दुखणीही बरोबर येतात. येत नाहीत ते दुखण्याचे कागद. माझे म्हणणे या कागदांविषयी आहे.

माझे एक चुलते कोइमतुरात गलाई करतात. त्यांच्या हृदयात यांत्रिक झडप बसवली आहे. अशा रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि तिचे प्रमाण ठरवण्यासाठी रक्त वरचेवर तपासावे लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. गेल्या यात्रेत त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. डॉक्टरांनी मागची तपासणी विचारली, तर फाईल कोइमतुरच्या दुकानातल्या कपाटात! चुलतभावाने मोबाइलवर फोटो धाडला. त्यात आकडा ३ की ८ हे कोणाला लागेना. शेवटी साताऱ्याला नेऊन रक्त पुन्हा तपासले, तोवर दिवस मावळला होता.

आता झडपेकडे पाहा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन व सहकाऱ्यांनी देशी झडप घडवली. आधीचे तीन नमुने फसले, चौथा साधला आणि ६ डिसेंबर १९९० रोजी तो प्रथम रुग्णाला बसवला गेला. परदेशी झडपेच्या मानाने ती कितीतरी स्वस्त. छातीत रात्रंदिवस उघडझाप करणारे यंत्र बसवण्याची विद्या या देशापाशी आहे, आणि रक्ताचा एक आकडा कोइमतुराहून वडूजला आणण्याची नाही?

विद्या तीही आहे. २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल अभियान निघाले, १४ आकडी आरोग्य क्रमांक मिळू लागला. रुग्णाच्या संमतीने त्याचे कागद कोठेही उघडावेत, ही कल्पना उत्तम. पण क्रमांक म्हणजे रिकामी फाईल. तीत कागद घालायचा कोणी? चुलत्यांकडे क्रमांक आहे, त्यापुढे कागद एकही नाही.

राज्यांचे तर वेगळेच. २०२३ साली महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचे ठरवले, तेव्हा कर्नाटकाने आक्षेप घेतला. सीमाप्रश्नात माझे मत इतर मराठी माणसांसारखेच आहे. परंतु डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ उभे केले. त्या मिरजेत कानडी मुलखातले रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या येतात. उपचाराला नकाशाच्या वादात ओढणे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी टाळावे.

आजार ही खाजगी गोष्ट, ती यंत्रात का भरायची, असे आमचे एक प्राध्यापक विचारतात. शंका रास्त आहे. कामगाराच्या छातीचा दोष मालकाला आयता कळता कामा नये. म्हणूनच किल्ली रुग्णाच्याच हाती हवी. पण त्या भीतीपोटी फाईल कपाटातच ठेवणे मला पटत नाही.

मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते दुरुस्त करतो. एखाद्या वर्षी यात्रेच्या आठवड्यात गलाईवाल्यांच्या घरी जाऊन, त्यांना विचारून, शेवटची तपासणी आणि गोळीचे प्रमाण त्यांच्या क्रमांकावर चढवून द्यावे. फोन आपल्यापैकी बहुतेकांकडे आहेतच. फोटो तेवढा उजेडात काढावा.