शोकगीताची कसोटी

झाडाला लटकणाऱ्या मृतदेहांचे गाणे मैफलीची शोभा होऊ शकते काय? ‘स्ट्रेंज फ्रूट’ या गीताच्या वाटचालीने हाच प्रश्न उभा केला आहे.

न्यूयॉर्कमधील शिक्षक व कम्युनिस्ट कार्यकर्ते एबल मीरोपोल यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्यांवर ही कविता १९३७ साली प्रसिद्ध केली व पुढे तिला चालही लावली. १९३९ मध्ये बिली हॉलिडे ती ‘कॅफे सोसायटी’त गाऊ लागल्या. त्या वेळी वेटरांची ये-जा थांबे, दिवे मालवले जात आणि त्यानंतर दुसरे गाणे होत नसे. कोलंबिया कंपनीने ध्वनिमुद्रणास नकार दिला. ‘कमोडोर’ या लहान कंपनीने ते धाडस केले. १९६५ साली, नागरी हक्कांचा लढा पेटलेला असताना, नीना सिमोन यांनी त्या दबलेल्या शोकाला उघड संतापाचा स्वर दिला. २०१३ मध्ये कान्ये वेस्ट यांनी सिमोन यांचाच आवाज आपल्या गाण्यात गुंफला. विषय मात्र बिघडलेले प्रेमसंबंध आणि प्रसिद्धी!

जुन्या चालीला नवे रूप द्यावे, हा जॅझचा धर्मच आहे. परंतु त्या ओघात मृतांचाच विसर पडला, तर उरते ती निव्वळ कारागिरी. झुंडहत्येविरुद्ध केंद्रीय कायदा करण्याचा पहिला प्रयत्न अमेरिकी संसदेत १९०० साली झाला. कायदा होण्यास २०२२ साल उजाडावे लागले. एवढ्या दिरंगाईची साक्ष देणारे गाणे श्रोत्याला सुखाने टाळ्या वाजवू देत असेल, तर गाणाऱ्याने स्वतःला जाब विचारावा.