जुने वेळापत्रक आणि खरी चूक

गेल्या सत्रात सातवीची तोंडी परीक्षा मंगळवारऐवजी सोमवारी घ्यायचे ठरले. कार्यालयाने शनिवारी दुपारीच शाळेच्या संकेतस्थळावर नवे वेळापत्रक चढवले. परीक्षेच्या दिवसांत मुले आपापल्या पाळीलाच येतात, त्यामुळे फळ्यावरची सूचना फारशी कोणी पाहिली नाही. चार मुले मंगळवारी सकाळी तयारी करून हजर झाली. त्यांच्या पालकांनी रविवारी रात्री मोबाइलवर संकेतस्थळ उघडले होते, पण तिथे जुनेच वेळापत्रक दिसले. "आम्ही बदलले होते," असे कार्यालय म्हणाले. "आम्ही पाहिले होते," असे पालक म्हणाले. दोघांचेही खरे होते. बाईंनी त्या मुलांची परीक्षा पुन्हा घेतली म्हणून निभावले. पुढे पालकसभेत मात्र विषय तापला आणि एका विश्वस्तांनी सुचवले की, ही कॅश की काय ती बंदच करून टाका.

आमचे मत वेगळे आहे, आणि ते मांडण्याआधी ही कॅश म्हणजे काय ते सांगायला हवे. रोख पैशाशी तिचा काही संबंध नाही. शब्द मूळचा फ्रेंच, त्याचा अर्थ लपवून किंवा जपून ठेवणे.

आपल्या बडोद्यात हे समजायला सोपे जावे. १९१० च्या सुमारास सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी करवली. त्याच चळवळीत पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. खेड्यातल्या वाचकाने पुस्तकासाठी शहर गाठायचे नाही, पुस्तकच त्याच्या गावात जाऊन थांबायचे. महाजालाचेही असेच चालते. मूळ पान दूरच्या सर्व्हरवर असते. त्याची एक प्रत वाटेतल्या एखाद्या सर्व्हरवर ठेवलेली असते आणि एक थेट तुमच्या मोबाइलमध्ये. दुसऱ्यांदा तेच पान मागितले की जवळची प्रत पुढे येते. वेळ वाचतो, डेटा वाचतो, मूळ सर्व्हरवरची गर्दी टळते. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अकामाई कंपनीने जगभर अशा प्रती ठेवण्याचा व्यवसायच उभा केला.

पेटीत गोष्टींचे पुस्तक गेले तर ते वर्षभराने वाचले तरी बिघडत नाही. पेटीत पंचांग गेले तर? गेल्या वर्षीचे पंचांग सुबक छापलेले असते, एकही अक्षर चुकलेले नसते, आणि तरी त्यावरून यंदाचा मुहूर्त काढला तर फजिती ठरलेली. आपले वेळापत्रक हे पंचांग होते आणि आपण ते गोष्टीच्या पुस्तकासारखे पेटीत टाकले.

प्रत किती काळ ताजी मानायची हे सांगण्याची सोय आहे. सर्व्हर पानासोबत एक छोटी सूचना पाठवू शकतो, त्यात मुदत सेकंदांत लिहितात. ८६४०० लिहिले की एक दिवस. मुदत संपली की ब्राउझर सर्व्हरला विचारतो, "माझ्याकडच्या प्रतीत काही बदल?" बदल नसेल तर सर्व्हर ३०४ हा आकडा पाठवतो, म्हणजे "तीच चालव". सबंध पान पुन्हा यावे लागत नाही. तपासणी शाळकरी वहीइतकी साधी आहे.

पण सर्व्हरने मुदत सांगितलीच नाही तर? मग ब्राउझर अंदाज बांधतो. पान शेवटचे केव्हा बदलले ते पाहायचे आणि त्या काळाचा साधारण दहावा हिस्सा मुदत धरायची, असा रूढ ठोकताळा आहे. आमच्या संगणकाच्या सरांनी तपासले तेव्हा नेमके हेच आढळले. जुने वेळापत्रक चाळीस दिवस जसेच्या तसे होते. ज्या पालकांनी ते शुक्रवारी पाहिले, त्यांच्या मोबाइलने चार दिवसांची मुदत स्वतःच ठरवून घेतली. शनिवारी कार्यालयाने त्याच नावाने नवी फाइल चढवली, आणि त्या मोबाइलना विचारपूस करण्याचे कारणच पडले नाही. ज्यांनी पहिल्यांदा रविवारी पाहिले त्यांना नवे दिसले. म्हणून तर सभेत निम्मे पालक निम्म्यांना खोटे ठरवत होते!

तेव्हा चूक कॅशची नाही, पालकांच्या मोबाइलची तर नाहीच. मुदत सांगायचे आपण विसरलो.

साठवण सरसकट बंद करावी हे आम्हाला पटत नाही. आपल्याकडे दिवसाचा डेटा मोजून वापरणारी घरे आहेत. शाळेचे बोधचिन्ह, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, जुने अंक दर वेळी नव्याने का उतरवायचे? ते महिनाभर राहू द्या. सूचना आणि वेळापत्रकांना मात्र "वापरण्याआधी विचार" अशी आज्ञा लावा. तिचे नाव "नो-कॅश" असे आहे आणि ते फसवे आहे, कारण त्यात प्रत ठेवायला मनाई नसते, न विचारता वापरायला असते. अजिबात ठेवूच नये यासाठी वेगळी आज्ञा आहे, "नो-स्टोअर". हे नामकरण कोणी केले असेल ते असो, परीक्षेत विचारले तर निम्मा वर्ग चुकेल.

ही दुसरी आज्ञा कुठे हवी यावर आम्ही हट्ट धरणार आहोत. यंदापासून गुणपत्रके संकेतस्थळावर देण्याचा विचार आहे. ती भराभर उघडावीत म्हणून त्यांच्याही प्रती वाटेतल्या सर्व्हरवर ठेवाव्यात, अशी सूचना आली आहे. आमचा तिला स्पष्ट विरोध आहे. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या खेळांच्या दुकानावर मोठा हल्ला झाला. गर्दी आवरण्यासाठी साठवणुकीचे नियम घाईने बदलले गेले आणि सुमारे दीड तास एकाचे पान दुसऱ्याला दिसत राहिले. जवळजवळ ३४,००० ग्राहकांची पाने अशी उघडी पडली असावीत, असे ती चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने नंतर सांगितले. त्यांपैकी काहींत पत्ते, ईमेल, कार्डाचे शेवटचे दोन आकडे होते. एवढ्या मोठ्या कंपनीचे असे झाले. आपल्याकडे एका मुलीचे गुण दुसऱ्या घरी उघडले तर त्या मुलीला वर्गात काय ऐकावे लागेल याचा विचार व्हावा. गुणपत्रक दोन सेकंद उशिरा उघडले तरी चालेल.

संगणक कक्षातही हेच जपायला हवे. मुलाने बाहेर पडण्याचे बटण दाबले तरी मागे जाण्याच्या बाणाने आधीचे पान कधी कधी पुन्हा दिसते. तास संपताना ब्राउझर पूर्ण बंद करायची सवय लावलेली बरी.

छायाचित्रांबद्दल एकच सांगतो. एकदा चढवलेले चित्र आपण काढले तरी त्याच्या प्रती कोणाकोणाकडे राहतात. गुगलने शोधनिकालांतली जुन्या पानांची सोय २०२४ मध्ये काढून टाकली, पण इंटरनेट आर्काइव्हसारखी संस्था १९९६ पासून पाने जतन करतच आहे. म्हणून पालकांची संमती चित्र चढवण्याआधी घ्यावी.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवल्या आहेत. बदललेली फाइल नव्या नावाने चढवावी, प्रत्येक सूचनेवर तारीख व वेळ छापावी, आणि गुणपत्रकांची प्रत वाटेत कुठेही राहू नये. पहिल्या दोन्हींना खर्च नाही, त्यामुळे कार्यालयाने त्या लगेच सुरू केल्या आहेत. तिसरीवर पुढच्या बैठकीत चर्चा आहे. पालकांनी आपले मत त्याआधी लेखी कळवावे.