किरण, पुढं काय?

माझं नाव किरण. पोराचंही चालतं, पोरीचंही. यष्टीमागं उभा राहिला तो किरण मोरे. १९७२ साली आय.पी.एस.मध्ये शिरलेली पहिली बाई किरण बेदी. अलोऱ्याच्या कोयना वसाहतीत आमच्या क्वार्टरांच्या रांगेत किरण म्हणून हाक मारली की दोन दारांतनं दोघं बाहेर यायची. एक पोरगा, एक पोरगी.

ही नुसती गंमत नव्हे. मनूनं नावांचंही वाटप करून ठेवलंय. दुसरा अध्याय उघडा. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं, शूद्राचं किळस यावी असं. बाईचं सोपं, गोड, शेवटी दीर्घ स्वर. किरण दोन्ही कलमं मोडतं. बाईचं असून शेवट दीर्घ नाही. आमचं असून अर्थ उजेडाचा! त्या पुस्तकाची होळी बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ला महाडात केली.

१९५६च्या धर्मांतरानंतर मिलिंद, सिद्धार्थ, सुजाता, करुणा अशी नावं घरोघर आली. ती ऐकली की समोरचा आपल्याला ओळखतो. किरणवरनं काही कळत नाही. म्हणून काहीजण म्हणतात, किरणच बरं, झाकून जातं.

झाकतं कुठं? शहरात खोली बघायला जा. ‘किरण, पुढं काय?’ आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असते.

नाव किरण ठेवा, पोराचं ठेवा, पोरीचं ठेवा. पण लपायला ठेवू नका. आडनाव गिळलं तर विचारणारा सुटतो, आपण नाही. पुढं काय विचारलं, तर खणखणीत सांगा. आणि तुला कशाला पाहिजे, तेही विचारा.