चालीचा घोडा आणि आपला बैल

घोड्याचा भाव कसा ठरतो, हे कापूस पिकवणाऱ्या माणसाने एकदा सारंगखेड्याला जाऊन, तासभर उभे राहून पाहावे असे आम्हाला वाटते. बोरी अरबच्या सभेपुढे घोड्याचा विषय कशाला, गावाच्या नावात अरब आहे म्हणून की काय, असे कोणी विचारील. तसे नाही. आपल्या कोरडवाहू रानात घोड्याला काम नाही आणि घेण्याची ऐपतही नाही. पण दोन घोड्या पाळणारा एक लहान माणूस आपल्या मालाचा भाव स्वतः सांगतो, आणि वीस एकर कापूस करणारा आपला भाऊ 'काय द्याल?' असे विचारतो. या दोघांत फरक कोठे पडतो, तो समजून घेणे हे आपल्या कामाचे आहे.

सारंगखेडे हे नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरातेतून घोडे येतात. लाखोंचे घोडे असतात, वर्तमानपत्रांत त्यांचीच छायाचित्रे येतात. आम्हाला त्यांचे कौतुक नाही. आम्ही थांबलो ते एका अशा माणसाजवळ, ज्याच्याकडे विकायला एकच शिंगरू होते.

त्याचे शिंगरू रहवाल चालीचे होते. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधा घोडा दुडक्या चालीने जातो तेव्हा पुढचा उजवा आणि मागचा डावा असे तिरपे पाय एकदम उचलले जातात, घोडा हवेत सुटतो आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात. रहवालीत एका बाजूचे पाय एकामागोमाग एक पडतात आणि कोणता ना कोणता पाय जमिनीवर असतोच. पाठ हलत नाही. स्वार हातात पाण्याचा पेला धरून जातो आणि पाणी सांडत नाही. ज्या काळात दहा-बारा कोस घोड्यावर जावे लागे, त्या काळात ही चाल म्हणजे चैन नव्हती, गरज होती.

या माणसाची रीत अशी. घोडी अकरा महिने गाभण राहते, वर्षाला फार तर एक शिंगरू. ते जन्मले त्या दिवसापासून घरातले सगळे त्याला हात लावतात, पाय उचलून बघतात. बांधून ठेवत नाहीत, आईबरोबर रानात पळू देतात, कारण पाय आणि छाती पळण्यानेच तयार होते. तीन वर्षांच्या आत पाठीवर कोणी बसायचे नाही. आणि विकताना खोड आधी सांगायची, किंमत नंतर. 'हा पाण्याला बिचकतो,' असे तो स्वतःहून सांगत होता. हेडी त्याच्यावर हसत होते. रुमालाखाली बोटे धरून भाव करायला त्याने नकार दिला. भाव उघड्यावर सांगितला. घेणाऱ्याला विचारले, घोडा कशाला हवा, बांधणार कोठे, खाऊ काय घालणार. एका गिऱ्हाइकाला त्याने सरळ नाही म्हटले. वरातीत रात्रभर बँडपुढे नाचवायला त्याला हवा होता.

हे वेडेपण आहे का? आम्ही हिशेब केला. त्याचे जनावर घेणारे लोक त्याच्या घरी येतात, कारण मागच्याने सांगितले म्हणून येतात. बाजारात तो येतो तो मुख्यतः इतरांचे घोडे पाहायला. त्याचा माल त्याच्या नावाने विकला जातो. आपला कापूस जिनिंगच्या ढिगात पडला की तुमचा कोणता आणि शेजाऱ्याचा कोणता हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. एकाधिकार खरेदी होती तेव्हा प्रत ग्रेडर ठरवी, आज व्यापारी ठरवतो. वेचणीत जो काडीकचरा न येऊ देता स्वच्छ बोंड वेचतो त्याला वेगळा पैसा मिळत नाही, मग पुढच्या वर्षी तोही कशाला वेचील?

आता थोडे शास्त्राचे, कारण शिक्षणाची सवय जात नाही. घोड्याच्या बाजारात भोवऱ्याला फार मान. देवमण असला की भाव चढतो, वाईट मानलेला भोवरा असला की चांगले जनावर मातीमोल होते. भोवऱ्याने चाल सुधारत नाही. चाल रक्तातून येते. आइसलँडच्या घोड्यांवर काम करून स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवले की एका बाजूचे पाय मिळून टाकण्याची ही ताकद बऱ्याच अंशी एका जनुकातल्या एका बदलावर अवलंबून आहे. म्हणजे आई-बाप पारखून घेतले तर चाल टिकते, आणि एकदा मोडली तर मंत्राने परत येत नाही.

रक्तात असलेले बाजाराने बिघडवताही येते. अमेरिकेत टेनेसी वॉकिंग नावाचा घोडा आहे, शेतमळ्यांवर दिवसभर आरामात फिरता यावे म्हणून वाढवलेला. पुढे प्रदर्शनात बक्षिसे सुरू झाली आणि पाय जितका उंच उचलेल तितके बक्षीस मोठे. मग काही लोकांनी त्या मुक्या जनावराच्या पायाला दाहक औषधे लावून, वर साखळ्या बांधून पाय उंच उचलायला लावले. तिथल्या सरकारला १९७० साली कायदा करावा लागला. आपल्याकडे पटात आर लावलेली तुतारी जे वापरतात त्यांनी हे वाचावे.

उलट उदाहरण घरचेच आहे. भीमा खोऱ्यातले भीमथडी तट्टू मराठी घोडदळाचे. १८१८ मध्ये राज्य गेले, घोडदळ मोडले, पुढे मोटारी आल्या. तरी ते तट्टू नष्ट झाले नाही. कोणी वाचवले? राजवाड्यांनी नाही, धनगरांनी. मेंढरांमागे फिरताना बिऱ्हाड त्याच्याच पाठीवर असे. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने देशातली घोड्याची आठवी जात म्हणून त्याची नोंद केली. काम राहिले म्हणून जात राहिली. जिथे काम गेले तिथे काय झाले ते पशुगणनेत दिसते: २०१२ साली देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टे होती, २०१९ साली तीन लाख चाळीस हजार उरली.

आता आपल्या दावणीकडे या. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातला गवळाऊ हा चालीचाच बैल, गाडीला जुंपला की पळणारा. आमच्या मते हा आपला रहवाल घोडा आहे. त्याची पैदास मोठ्या गोठ्यांनी केली नाही, एक-दोन गाई ठेवणाऱ्या कास्तकाराने केली. त्याला पैसा मिळे तो पटातल्या आणि बाजारातल्या जोडीच्या भावाने. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. साडेसात वर्षे गेली. गाईच्या हिशेबाने ही दोन पिढ्यांची पैदास. मधेच मार्च २०१५ मध्ये बैलाच्या कत्तलीवर बंदी आली आणि थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक राहिले नाही. पूर्वी म्हाताऱ्या बैलाच्या पैशात थोडी भर घालून गोऱ्हा घेता येई. आता म्हाताऱ्याला पोसा आणि गोऱ्ह्यासाठी कर्ज काढा. ज्यांनी कायदा केला त्यांच्या दावणीला एकही बैल नाही.

सगळा दोष सरकारवर टाकून मात्र भागणार नाही. संकरित ज्वारी आली, ताट बुटके झाले, कडबा कमी झाला. मग सोयाबीन आले आणि ज्वारीच गेली. सोयाबीनचे कुटार बैलाला पोटभर कडब्याची जागा घेत नाही. कडबा विकत घेऊन गाय पाळणारा फार दिवस टिकत नाही. सारंगखेड्याच्या त्या माणसाकडेही आम्ही पहिले विचारले ते हेच, चारा कोठला? 'घरचा,' तो म्हणाला. 'विकतचा असता तर खोड सांगून विकायची हिंमत झाली नसती.'

बोरी अरबच्या सभेत जेवणानंतरचा एक तास या विषयाला ठेवला आहे. ज्यांच्याकडे गावरान किंवा गवळाऊ पैदाशीची गाय आहे त्यांनी तिची वेते, वळू कोणाचा होता आणि गोऱ्हे कोणाला, काय भावाने विकले, हे कागदावर लिहून आणावे. कडब्याच्या उंच ज्वारीचे बी ज्यांनी राखले असेल त्यांनी पायलीभर सोबत आणावे. वाटप सभेतच होईल.