साहसशिक्षणाची कसोटी

डोंगर चढल्याने चारित्र्य घडते, ही समजूत जुनी आहे. तिला शिक्षणपद्धतीचे रूप मात्र विसाव्या शतकात आले. नाझी जर्मनी सोडून ब्रिटनमध्ये आलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांच्या साह्याने १९४१ मध्ये वेल्समधील ॲबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. जहाज बुडाल्यावर तरुण खलाशांनी धीर सोडू नये, हा तिचा रोकडा हेतू होता. युद्ध संपले, शाळा देशोदेशी पसरल्या आणि खलाशांवरचा हा इलाज साऱ्यांच्याच आत्मविश्वासाचे औषध ठरला.

औषधाचा गुण मात्र तपासावा लागतो. या क्षेत्रातील बरेचसे संशोधन दीर्घकाळ शिबिराच्या अखेरीस भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरच विसंबून राहिले. नुकत्याच शिखरावरून उतरलेल्या मुलाला आत्मविश्वास वाढला काय, असे विचारले तर तो दुसरे काय सांगणार! १९९७ मध्ये जॉन हॅटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र पारखले. परिणाम बेताचाच निघाला. परंतु शिबिरानंतर तो ओसरण्याऐवजी वाढलेला दिसला, हे खरोखर विशेष. मात्र कार्यक्रमागणिक फलश्रुतीत मोठी तफावत होती आणि दीर्घ मुदतीचे कार्यक्रम सरस ठरले होते. पुढे २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ब्रूक्स यांनी मूळ गृहीतकावरच बोट ठेवले. माणसाचे वागणे बव्हंशी परिस्थितीवर अवलंबून असते. कड्यावर दाखविलेले धैर्य वर्गात वा कचेरीत आपोआप उतरत नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

‘उपयोग होतो काय?’ या प्रश्नाकडून ‘कोणाला, कशामुळे आणि किती काळ?’ या प्रश्नांकडे संशोधन वळले आहे, हे योग्यच झाले. आपल्याकडे मात्र दोन-तीन दिवसांच्या शिबिराच्या पत्रकावर नेतृत्वगुण आणि व्यक्तिमत्त्व विकास यांची हमी बिनदिक्कत छापली जाते, आणि पालक तिच्यापायी ऐपतीबाहेर खर्च करतात. दीर्घ शिबिरांचे पुरावे या धावत्या सहलींच्या नावावर जमा करता येणार नाहीत. याचा अर्थ सह्याद्रीतील दोन दिवस वाया जातात असा नव्हे. गड पायी चढणे, झाडे ओळखणे, दहा जणांचा स्वयंपाक रांधणे यांना स्वतःचे मोल आहे. त्यांना चारित्र्याचे लेबल कशाला हवे? हमीच द्यायची असेल, तर तीन महिन्यांनी त्याच मुलांविषयी त्यांच्या वर्गशिक्षकांना, आणि शिबिरास न गेलेल्या मुलांविषयीही, तेच प्रश्न विचारण्याची तयारी आयोजकांनी ठेवावी.